उठायचं कुणी

क्लाक्सविकच्या धक्क्यावर, बर्फाच्या कारखान्याच्या माडीवर
चार सर्व्हर घुमतात.
त्यांच्यावर शहाऐंशी संकेतस्थळं :
मासळीचा लिलाव, चर्चचा गायनवृंद,
आणि एका वारलेल्या सुताराचं,
जे बंद करा म्हणून कुणी सांगितलंच नाही.

सेंटओएसची मुदत जूनमध्ये संपली.
बार्दुरला सगळ्यात नवं हवंय.
फेडोरा, म्हणतो, आणि हातातली कॉफी विसरतो.
मार्यून लोकरीचे मोजे गुडघ्यापर्यंत ओढते,
विचारते,
"पहाटे तीनला फोन आला, तर उठायचं कुणी?"

बार्दुर खिडकीबाहेर बघतो.
खाली एक बोट आपल्यातलं पाणी उपसतेय.

अल्मा घेतलं तर जुनी घडी मोडत नाही,
हे तिलाही कळतं.
पण पहिल्या नोकरीत डेबियन होतं.
कुठली फाईल कुठे, ते बोटांनाच ठाऊक,
दिवे गेल्यावर मिठाचा डबा सापडावा तसं.

बुधवारी रात्री ती एकटीच बसते.
आधी सुताराचं पान हलवते :
बिघडलं तर तो थोडाच ओरडणार.

उघडतं.
टेबल, दोन खुर्च्या, एक पाळणा,
आणि तळाशी नंबर :
कधीही फोन करा.