शिंक

विश्रामबागेत, खाली दातांचा दवाखाना,
तिसऱ्या मजल्यावर हर्षल चौगुलेचा स्टुडिओ.
जिना संपला तेव्हा माझ्यात श्वास तेवढा उरला नव्हता.
"मावशी, घाई नाही. पाणी घ्या.
आवाज आपण नंतर वर नेऊ."

आवाज आता नंतर वर नेतात.
आम्ही वर नेलेला आवाज
खाली कसा आणायचा ते विसरून पहाटे घरी जायचो.

गाणं तेच, "पूल वलांडून ये".
एकोणनव्वद साली मार्केट यार्डात
ओसवालांच्या हळदीच्या वखारीत भरलेलं.
भिंतींना पोती, दाराला पोती,
मधे एकच माईक आणि भोवती आम्ही पाचजण
शेकोटीला बसावं तसे.
सनईवर दत्तोबा होलार, ढोलकीला युनूस मुजावर.
रात्री दोनला, हमाल झोपल्यावर, टेप फिरली
आणि तिसऱ्या कडव्यात, शेवटच्या "ये"च्या तोंडावर,
युनूस शिंकला.

हळद होती हवेत, दुसरं काय.
लोकांच्या कामात माशी शिंकते, आमच्यात माणूस शिंकला.
टेप संपत आलेली, पैसेही.
ओसवाल म्हणाले, राहू दे,
एवढं कान देऊन कोण ऐकतंय.

लोकांनी तेवढंच ऐकलं.
तासगावपासून जतपर्यंत वराती शिंकल्या,
नवरदेव शिंकले, घोडी बिथरली.
कवठेमहांकाळच्या जत्रेत दोन हजार माणूस एकदम शिंकलं
आणि वन्समोअर.
आटपाडीच्या बेंजो पार्टीत तर शिंकेला वेगळा गडी होता,
जेवण आणि वर वीस रुपये.
युनूसला मात्र तिथं पुन्हा कधी शिंक आली नाही.
तो तेवढी एक थाप सोडून द्यायचा.

हर्षलनं कानाला हेडफोन लावले.
टक. टक. टक. टक.
"ह्याच्यावर गायचं."
ह्याच्यावर कसं गायचं? हा वाट बघत नाही.
माझा दम संपला की युनूसची थाप
अर्धं पाऊल मागं राहायची,
आजाऱ्याबरोबर चालताना राहावं तशी,
आणि आजाऱ्याला कळू न देता.

गायले. काळी चारचं गाणं काळी दोनवर गायले.

"जुनं गाणं मी मशीनमधून सोललं," तो म्हणाला,
"बेदाण्याचे देठ काढतात तसं.
ही सनई, ही ढोलकी, हा तुमचा आवाज. सुटं सुटं."
"आणि शिंक?"
"शिंक तर पाहिजेच, रील तिच्यावरच चालणार.
फक्त जराशी पुढं होती. ठेक्यात बसवली."

लावली.
शिंक नेमकी समेवर आली.
इतकी नेमकी की मला हसू आलं, आणि मधेच थांबलं.
युनूसला जाऊन ह्या बेंदराला सहा वर्षं होतील.
जन्मभर तालात राहिला. एकदा चुकला.
तेही आज दुरुस्त झालं.

म्हटलं, न धुतलेलं ऐकव.

खरखर आली. ट्यूबलाइटची गुणगुण,
कुणाचं तरी बूड हललं पोत्यावर,
मग शिंक, वेडीवाकडी, सम वलांडून गेलेली,
आणि तिच्या पाठोपाठ, थापेच्या खाली,
ओठातल्या ओठात,
"अल्हम्दुलिल्लाह."

इतक्या लग्नांत, इतक्या कर्ण्यांतून
हे कुणाला ऐकू आलं नव्हतं.
मलाही नाही. मी तर दोन हातांवर होते,
डोळे मिटून, "ये"च्या तयारीत.

"हे होय?" हर्षल म्हणाला. "मशीननं ह्याला कचरा धरलं."
चांगला पोरगा आहे.
न सांगता त्यानं चार वेळा लावून दाखवलं,
चौथ्या वेळी खिडकीकडं तोंड करून.

नव्या गाण्यात शिंक समेवरच राहणार.
कंपनीला तशीच पाहिजे.
पण तिसऱ्या कडव्यात "ये"च्या आधी मी थांबते.
टक टक पुढं निघून जातं, मी जात नाही.

"मावशी, तिथं उशीर होतोय."

होऊ दे.
त्याचं बोलून होऊ दे.