सोळावा चॅनेल

मिरज स्टेशनामागे दस्तगीरचाचाकडे रेडिओ किलोवर मिळतात.
तांब्याचा ढीग वेगळा, ॲल्युमिनियमचा वेगळा
आणि कोपऱ्यातल्या पिंपात वायरलेस सेट,
बंद पडलेल्या कुठल्याशा साखर कारखान्याचे.
स्पीकरच्या जाळीत मळीचा वास अजून टिकून.
"चालू आहेत का?" मी विचारलं.
"जड हाईत," चाचा म्हणाला.
तीन घेतले, नऊशेला. माईक दोनच.

सुलक्षणाने आधी पेपर अंथरला,
मग सेट ठेवू दिले, मग विचारलं,
आधीच्या दोघांचं काय झालं.
एकाचा आवाज जातो, येत नाही.
दुसऱ्याचा येतो, जात नाही.
"मग त्यांचं आपापसात लावून द्या," म्हणाली
आणि कुकरकडे गेली.

पहिल्याला बारा व्होल्ट दिले.
धूर. उदबत्तीएवढाच,
पण त्या वासाला उतारा नसतो.
दुसरा लागला. हिरवा दिवा, खसखस,
मीटरवर पंचवीसच्या जागी चार वॅट.
उघडला तर आत मुंग्यांचं बिऱ्हाड, अंड्यांसकट.
त्यांना गच्चीत नेऊन झटकलं.
तिसऱ्याच्या माईकवर
करकटकानं कोरलेलं: ता. ऐ.

केबल घरीच केली, जुन्या कीबोर्डची वायर कापून.
लॅपटॉप भाच्याचा, इतका म्हातारा की
दर वेळी उठला की साल दोन हजार दोन सांगतो.
ते सॉफ्टवेअर त्याच्यावरच चालतं.
चार वेळा "उत्तर नाही."
पाचव्यांदा निळी पट्टी सरकायला लागली,
आणि पडद्यावर ओळीनं आले
इंग्रजी अक्षरांत कोंबलेले मराठी शब्द:
गेट. काटा. यार्ड. गव्हाण.
चिटबॉय एक, चिटबॉय दोन.
शेती ऑफिस. चेअरमन गाडी.
मधले काही रिकामे,
आणि सगळ्यात शेवटी, सोळाव्या घरात,
डबा.

नियम सरळ आहे. परवाना माझा हौशी पट्ट्याचा,
कारखान्याच्या फ्रिक्वेन्सीवर मी बोलायचं नाही.
आता कुणा दुसऱ्याला दिल्याही असतील त्या.
म्हणजे सगळं पुसायचं.
पुसण्याआधी नावं वहीत उतरवून घेतली,
व्होल्ट-अँपिअरच्या रीडिंगांखाली, त्याच पेनानं.
का, ते मलाही सांगता येणार नाही.
मग आपले आकडे भरले.
सोळाव्याचा आकडा आपला घातला,
नाव राहू दिलं.

रविवारी इरगोंडा दंडोबावर चढला, हातातला सेट घेऊन.
मी गच्चीवर. एसीवाल्याकडच्या तांब्याच्या नळीचा अँटेना
बांबूला सुतळीनं आवळलेला.
बटण दाबलं, माझं चिन्ह सांगितलं, सोडलं.
खसखस.
पुन्हा. खसखस.
शेजारची टाकी भरून वाहत होती, तिचाच आवाज मोठा.
तिसऱ्यांदा, एकदम, कानाशी:
"येतोयस मर्दा! पण गुळाचा खडा
गालात धरून बोलल्यागत."

मी सांगितलं, माईकवर नाव आहे. ता. ऐ.
थोडा वेळ नुसता वारा आला.
"तायाप्पा ऐवळे असंल. काट्यावर होता.
आता सांगलीत, हळदीच्या अडतीवर वजनं घेतो.
आवाज असा की, गाडीवाल्यांना वायरलेसची गरजच नव्हती."
सोळाव्याचं विचारलं.
"ते न्हाई ठाऊक," म्हणाला. "सोळावर ये की, बघू."

गेलो. इरगोंडा म्हणाला, दोन वाजले, मी बसतो जेवायला.
सेट त्यानं बहुतेक मांडीखाली घेतला,
बटण दाबलेलंच राहिलं.
त्याचं सुरू असताना माझं त्याला कसं पोचणार?
मी इकडून हाका मारायचं सोडलं.
कागद उलगडल्याचा आवाज.
कडक भाकरी मोडल्याचा.
मग देवळाची घंटा, कुणाचं तरी पोर,
बाटलीचं झाकण,
पुन्हा भाकरी.
मीटरची सुई भरून उभी होती, हलत नव्हती.
खालून सुलक्षणा हाक मारत होती, पान वाढलंय म्हणून.
मी आवाज जरा वाढवला.