तिरकं रान

आमच्या रानातली तासं बांधाला धरून नाहीत.
तलाठी आला की हसायचा,
म्हाळाप्पा, रान निघालंय उगवतीला
आणि तुझी ज्वारी कुठं निघाली?

जतच्या पुढं माळ असा उताणा पडलाय
की सकाळी गेलेला माणूस
दुपारपर्यंत दिसतच राहतो,
फक्त बारीक होत जातो.
अशा सपाटीवर पाभर सरळ न्यायची
तर समोर खूण लागते.
कुणी डोंगर धरतं, कुणी देवळाचा कळस.
आमच्याकडनं दोन्ही लांब.
अप्पांनी घर धरलं.

धाब्याचं घर, वर एक काठी,
काठीला आईचं फडकं.
पांढरं म्हणजे भाकरी झाली.
हिरवं म्हणजे पावणं आल्यात, तोंड धुऊन या.
लाल म्हणजे असाल तसे या.
मी झाले तेव्हा आजीनं
पांढरं न् लाल दोन्ही लावली,
कारण लेकीची खूण ठरलेलीच नव्हती.
अप्पा पळत आले म्हणतात,
चाड्यावरची मूठ तशीच मिटलेली,
दारात उघडली तेव्हा
घामानं भिजलेलं बी तळव्याला चिकटलेलं.
त्यांना पळताना
त्याआधी कुणी बघितलं नव्हतं,
नंतरही नाही.

बहात्तरला संखच्या रस्त्यावर खडी फोडली.
सुकडी मिळायची ती धोतराच्या सोग्यात
बांधून घरी आणायचे.
दात दुखतोय म्हणायचे, चावत न्हाई.
त्याच दातांनी पुढं तीस वर्षं
ऊस सोलून दिला नातवंडांना.

फार बोलायचे नाहीत.
आईला नावानं हाक मारलेली
मी एकदाच ऐकली,
मिरजेच्या दवाखान्यात, हळू, बाळव्वा,
दार वाजवावं तशी.

ती गेली त्या मार्गशीर्षात
ज्वारी पोटरीत होती.
चौथ्या दिवशी पहाटे
अप्पा स्वतःच शिडी चढले,
काठीला पांढरं फडकं बांधलं,
मग खांद्यावर गोफण टाकून रानात गेले.
पाखरं हाकली, बांधावरची हरळी खुरपली.
दुपारी मान वर केली,
फडकं बघितलं,
आणि कुणी बोलावल्यागत घरी आले.

असं अकरा वर्षं.
माहेरपणाला आलेली मी
एकदा विचारून बसले,
अप्पा, तुम्हीच लावता न् तुम्हीच बघता?
त्यांनी भाकरीचा पापुद्रा सोडवला,
त्यात दूध ओतलं,
बराच वेळ बोट फिरवत राहिले.
म्हणाले,
कुणीतरी बोलवाय नको व्हय?

ब्याण्णव भरली होती. हुरड्याचे दिवस.
आगटीत कणसं घातली,
चोळून पहिली मूठ पणतीच्या ओंजळीत दिली,
वाऱ्याकडं पाठ करून बसले
ते बसलेच.
पोरीला वाटलं डुलकी लागली.
तिनं त्यांच्यासाठी चार दाणे राखून ठेवले होते,
संध्याकाळपर्यंत मुठीत.

यंदा हस्त सरल्यावर
दस्तगीर ट्रॅक्टर घेऊन आला.
भाऊ म्हणाला, बांधानं धर,
पुढं ठिबक करायचंय, नळी कमी लागंल.
खरंच आहे ते.
मीही मान डोलावली.
एवढ्या कोपऱ्या वाया जातात तिरक्या पेरणीत,
अप्पा त्यात करडई टाकायचे, ती वेगळी गोष्ट.

दस्तगीरनं दोन तासं बांधानं नेली.
तिसऱ्याला थांबला.
खाली उतरून मागं बघितलं,
टोपी काढून डोकं खाजवलं.
ताई, म्हणाला, वीस वर्षं झाली,
हात त्या बाजूलाच वळतोय. काय करू?

भाऊ मोबाईलवर बोलत होता.
मी घराकडं बघितलं.
काठी आहे अजून. फडकं नाही,
उन्हानं खाल्लेली नुसती गाठ राहिलीय.
एवढ्या लांबून ती दिसायला नको होती.