हळवं

माझगावात, गोदीच्या मागच्या बॉन्डेड गोदामात
आम्ही सातजणी लेबलं चिकटवतो.
बाटलीच्या पाठीवर, बुडापासून दोन बोटं वर:
आयात करणाऱ्याचा पत्ता, किंमत सर्व करांसहित,
आणि सेवन हानिकारक असल्याची सूचना.
पुढचं लेबल त्यांचं, त्याला हात लावायचा नाही.
पाठ आमची.

आत थंडी इतकी की मे महिन्यात
मी स्वेटर घेऊन कामाला येते
आणि फाटकावरचा वॉचमन रोज नव्याने हसतो.

पिणं सोडाच, बूच उघडताना मी पाहिलेलं नाही.
उजेडासमोर धरली की तेवढं कळतं:
ही पातळ, कोकमाच्या आगळासारखी,
ही दाट, जांभळं खाल्लेल्या जिभेसारखी.
एकदा एक फुटली. फरशीवरून वास उठला
ओल्या होडीचा, चिंचेचा, नव्या चपलेचा,
आणि आम्ही सातहीजणी
फडकी हातात धरून उगाच उभ्या राहिलो.

परेराकाका आमचे सुपरवायझर, माथारपाखाडीचे.
नाताळला घरी मनुकांची वाइन घालतात
आणि तिला वाइन म्हणायला हल्ली लाजतात.
त्यांनी मला नावं वाचायला शिकवली.
गारनाचा. मोनास्त्रेल:
हिला ऊन भरपूर लागतं, उशिरा पिकते.
म्हणजे गरवी, मी म्हटलं.
तेंप्रानियो: त्यांच्यात तेंप्रानो म्हणजे लवकर.
म्हणजे हळवं, मी म्हटलं.
हळवं म्हणजे रडकं ना गं? काकांनी विचारलं.
काका, भात तुमच्या आज्याने लावलं असेल, तुम्ही नाही.
हळवं ते, जे परतीच्या पावसाची वाट बघत बसत नाही,
सगळ्यांच्या आधी लोंबीला येतं.
रडण्याचं नंतर बघू.

मग एका शुक्रवारी चार गावांची खोकी एकदम आली.
रिओहाचं तेंप्रानियो,
दुएरो नदीकाठचं तिंतो फिनो,
ला मांचाच्या माळावरचं सेन्सिबेल,
तोरोचं तिंता दे तोरो.
मी चार थप्प्या लावल्या, चार चिठ्ठ्या.
काकांनी चष्मा कपाळावर सरकवला:
बाई, द्राक्ष एकच आहे गं हे चारही.
गाव बदललं की नाव बदलतं.

मी काही बोलले नाही.
ब्रशावरचा डिंक सुकत होता.

उरणच्या बाजूला आमचं गाव. तिथे मी बकुळ.
मग पितळी ताटात तांदूळ पसरले
आणि नवऱ्याने अंगठीने लिहिलं, सुनंदा.
तांदूळ आमच्याच खाचरातले, हळव्या भाताचे.
नाव पुसायला हातही लावावा लागला नाही,
ताट उचललं तेव्हाच गेलं.
पण मी तोवर ऐकू लागले होते त्या नावाला.
पुढे शिवडीच्या खोलीत 'अगं',
हजेरीपटावर एस. घरत,
शाळेच्या फाटकापाशी प्रज्योतची आई.
एकच आहे गं हे चारही.

खोक्यावरच्या 'क्रिआंसा'चा अर्थ काका सांगतात:
सांभाळणं, वाढवणं. वर्षभर तरी लाकडाच्या पिंपात
अंधारात ठेवतात, तेव्हा तो शिक्का मिळतो.
वर्षभर? मी विचारलं.
आणि एकवीस वर्षं ठेवलं तर?
काका हसले. मग व्हिनेगर, म्हणाले,
किंवा मग कुणाला परवडणार नाही असं काहीतरी.

कतलान लोक याच द्राक्षाला म्हणतात
सशाचा डोळा.
हे मला बसमध्येही आठवत राहतं.

काल सुटीच्या आधी शेवटच्या खोक्यातलं एक लेबल
मी पालथं घातलं आणि डिंक लावण्याआधी
मागच्या कोऱ्या बाजूला पेनाने लिहिलं, बकुळ.
मग चिकटवलं. बुडापासून दोन बोटं वर,
सरळ, फुगा न ठेवता.
आता ते काचेकडे तोंड करून आहे
आणि मध्ये पाऊण लिटर काळोख.

बांद्र्याला जाईल ती, किंवा मलबार हिलला.
कोणी उघडेल, ओतेल, पुन्हा ओतेल.
दोन बोटं उरेपर्यंत काही दिसणार नाही.