कलमाची गाठ

दाभोळात अंजीर लावायचं म्हणजे
भरतीला विचारून पापड वाळत घालायचे.
विसूभाऊ कुंपणापलीकडून म्हणाले, हापूस लाव,
नाहीतर सुपारी. अंजीर हे घाटावरचं लाडावलेलं पोर,
त्याला पाय ओले झालेले खपत नाहीत.

मी तरी दोन लावली.
एक दिव्याहून, झेंड्यांच्या रोपवाटिकेतलं,
एस.टी.त मांडीवर घेऊन आले;
कंडक्टर म्हणाला, ह्याचं अर्धं तिकीट?
दुसरं माझं नव्हतंच. हमीदाचं.
तिच्या याकूबने मस्कतहून पाठवलेली काडी,
ओल्या वर्तमानपत्रात, वरून एका मोज्यात गुंडाळून,
परकारांच्या मुलाच्या बॅगेतून.
हमीदाच्या अंगणात नुसता कातळ,
म्हणून माझ्याकडे.

निळे ड्रम अर्धे कापले, बुडाला भोकं.
खाली जांभ्याची खडी, वर नदीची वाळू
(खाडीची नको, तिच्यात मीठ),
शेणखत, चुलीतली राख,
आणि मूठभर कुटी, जिच्या वासाने
दोन रात्री गावची मांजरं ड्रमाभोवती भजनाला बसली.

आषाढात ड्रम पडवीत ओढले.
तरी पानांवर तांबेरा आला,
फेरीबोटीच्या पत्र्यावरून उडून आल्यासारखा,
आणि गणपतीपर्यंत उरल्या दोन काठ्या.
मार्गशीर्षात मात्र पंजे उघडले.
फाल्गुनात दिव्याच्या झाडाने सहा फळं दिली,
मस्कतचं तर लगडलं, बोराएवढं, हिरवंगार,
आणि एका आठवड्यात सगळं खाली,
पायऱ्या उतरावीत तशी एकेक.

झेंड्यांना फोन केला. ते म्हणाले,
काही जातींना त्यांच्याच मुलखातलं एक चिलट लागतं,
फळाच्या डोळ्यातून आत जाणारं.
ते नसेल तर फळ धरत नाही.
उपटा. दुसरं देतो.
आमच्या धक्क्यावरच्या उंबरात केंबरं काय कमी आहेत?
पण ती उंबराची.
त्यांना ह्या दाराची ओळख नाही.

हमीदा म्हणाली, उपटू नको.
शुक्रवारी फोन येतो ना,
आधी झाडाचं विचारतो, मग माझं.

दुसऱ्या पावसात दिव्याचं झाड गेलं.
खोड दाबलं तर पाव.
शेंड्याची एक फांदी तेवढी हिरवी.
भाद्रपद, कलमाचा महिनाही नव्हे,
दाढीचं पातं, सायकलच्या ट्यूबची पट्टी,
भर दुपारी इतका अंधार
की हमीदा टॉर्च धरून उभी.
मस्कतच्या खोडात दिव्याची काडी बसवली.
चीक लागून बोटं चार दिवस खाजत होती.
पुढच्या शुक्रवारी ती फोनवर म्हणाली,
बरं आहे, फुटतंय.
खोटं नव्हतं.

मागच्या चैत्रात याकूब आला,
सत्तावीस वर्षांनी, कायमचा,
धोपाव्याच्या बाजूने फेरीबोटीतून,
हातात एकच पेटी.
वटवाघळांपासून राखायला
फळांना मी जुने मोजे घातले होते.
त्याने एक मोजा काढला, हसला,
फळ सोलायच्या भानगडीत न पडता
सालीसकट खाल्लं.
तेच, म्हणाला. बागेच्या विहिरीवर होतं, तेच.
जरा फिकं.
इथलं पाणी, हमीदा म्हणाली.

मग त्याचा अंगठा खोडावरून खाली आला
आणि गाठीवर थांबला.
दाभोळचा माणूस,
आंब्याची कलमं बघत वाढलेला.
हे काय?
दोरी काचली होती, मी म्हणाले.
तो बराच वेळ गाठ चाचपत राहिला,
रात्री उशिरा घरी येऊन
कडी चाचपावी तशी.

दुसरं फळ त्याने फोडलं.
अर्धं हमीदाला, अर्धं मला.
आत सगळी फुलंच असतात म्हणे,
बाहेर कधीच न आलेली;
दाताखाली बारीक वाळूसारखी वाजली.

गोड आहे का, विसूभाऊंनी विचारलं.
आहे, म्हटलं, या.

मृगाआधी ड्रम पडवीत घ्यायला हवा.
आता आम्हा दोघींना तो हलत नाही.
तिघं लागतील.