छाट

अक्काची बोटं अजून वळतात.
पान नाही, तंबाखू नाही, मांडीवर सूप नाही,
तरी अंगठा तर्जनीवरून सरकतो,
टोक दुमडतो, दोरा गुंडाळतो.
पंचवीसचा एक कट्टा.
चाळीस वर्षं कारखान्यानं मोजून घेतलं.
आता समोर मी एकटा,
मी म्हणतो, छान, अक्का. छान झाली.

नळाला पाणी पाचव्या दिवशी, तेही रात्री दोनला.
मी घागरी भरतो, ती मागून येऊन
एकेक मोरीत ओतते. शिळं म्हणे.
मी ओरडतो.
मग तिच्या पायाशी बसून ओली गोधडी पिळतो,
आणि शेजारचे माग खटखट खटखट,
जणू कुणी काही ऐकलंच नाही.

डॉक्टरांनी विचारलं, यांचं कोण बघतं?
म्हटलं, मी. धाकटा भाऊ.
आणि तुमचं?
म्हटलं, किती झाले साहेब?

मराठी तिच्यातून आधी गेली.
उरली घरातली तेलुगू, तीही मूठभर.
"तिन्नावा?" जेवलास का,
दर दहा मिनिटांनी.
हो म्हणतो. दिवसातून साठ वेळा जेवतो मी.

एक गोष्ट कुणाला सांगितली नव्हती.
आंघोळ.
लहानपणी तिनं मला बंबापाशी उकिडवं बसवून
खसाखसा घासलं, तेव्हा मी साबणासाठी डोळे मिटायचो.
आता तिला न्हाऊ घालताना मिटतो,
अंदाजानं तांब्या ओततो,
आणि ती भिंतीकडे तोंड करून
कुण्या परक्या माणसाला विनवते, जा म्हणून.

मग मी आठ दिवस घातलीच नाही.
सोलापूरचा मे महिना. आठ दिवस.

मेहरूनबीला जिन्यातच वास आला असणार.
एकाच कारखान्यात दोघी, शेजारी-शेजारी बसलेल्या.
काही बोलली नाही. चपला काढल्या,
बुरखा खुंटीला लावला, बाह्या सारल्या.
"व्यंकटेश, तू निकल. दो घंटे आना नको."

दोन तास.
अशोक चौकापर्यंत गेलो, परत फिरलो,
पुन्हा गेलो. कुठं जातात माणसं?
मल्लेशमच्या सलूनमध्ये बसलो,
गळ्याभोवती कापड बांधलं, तेवढंच आठवतं.
जाग आली तर बाहेर दिवे लागलेले,
माझी अर्धीच दाढी झालेली,
बाकावर नंबर लावून तिघं गप्प बसलेले
आणि पंखा माझ्याकडे वळवलेला.

घरी आलो तो भांडण.
अक्काच्या वेणीला तेल, अंगात धुतलेलं लुगडं,
मांडीवर कुठलं तरी जुनं सूप,
सुपात पानाच्या मापानं कापलेलं मागल्या वर्षीचं कॅलेंडर.
मेहरूनबी एकेक बिडी उजेडात धरायची,
बाजूला टाकायची.
"ये छाट. ये भी छाट. येडी हुई क्या गे, मुंडी कच्ची है."
आणि अक्का चिडलेली, गाल लाल,
तेलुगूत तिचा सगळा खानदान काढत होती.
मला वाटत होतं ते सगळे शब्द कधीच गेले.

सहा महिने मी छान छान म्हणत होतो.

आता दर बुधवारी.
मेहरूनबीचे गुडघे धरलेत, जिना तीनदा थांबत चढते,
पैसे काढले तर हात झटकते,
शेंगाचटणी दिली तर बोटानं चाखून म्हणते, छाट, नमक जास्ती.
पावसाळ्यात काय करायचं, ठाऊक नाही.

काल रात्री एक कट्टा उलगडला.
आत मार्च. माझ्याच अक्षरात
दुधाचे खाडे, गॅसची तारीख.
पाठीमागून विचारलं तिनं,
"तिन्नावा?"
पहिल्यांदाच खरं सांगितलं.
नाही अक्का, अजून नाही.

ती उठली,
आणि ताट शोधायला मोरीत गेली.