दोन रंगांचा नीलम

रुबीवेलला माझी पत्र्याची शेड आहे.
आत सहाणेचं चाक, वर ठिबकणारं पाणी,
बाहेर क्वीन्सलँडचं ऊन, तव्यासारखं.
डेस्ली आणि क्लॅरी आले ते भर दुपारी
ट्रकचं इंजिन चालूच ठेवून,
जणू पावच न्यायचाय.

"अंगठी दाखव," तो म्हणाला. "साखरपुड्याची."
आणि टोपी काढून टक्कल पुसलं.
साठी उलटलेला माणूस लाजतो तेव्हा
आधी कान लाल होतात.

पाचू तिनं बोटानंच बाजूला सारला.
"मी कुंपणाच्या तारा ओढते. हा टिकेल का?"
नाही म्हटलं. पाचू भेगा घेऊनच जन्मतो,
त्याला हात जपणारी बाई लागते.
माणकावर तर नजरही ठरली नाही तिची:
"कत्तलखान्यात सहा वर्षं काढलीत. पुरे झालं लाल."
गडद निळ्यापाशी मात्र थांबली.
क्लॅरीनं चिठ्ठीवरची किंमत वाचली,
आवंढा गिळला, म्हणाला, "घे की."
"बोअरच्या पंपाचे पैसे आहेत ते," ती म्हणाली.

खिडकीत जॅमचा जुना डबा असतो.
न खपणारे खडे मी त्यात टाकतो.
तिनं तो न विचारता उपडा केला
आणि नेमका तोच उचलला,
अर्धा हिरवा, अर्धा पिवळा, मधे रेघ.

"हा एकरंगी नाही," मी सांगून टाकलं.
"व्यापारी नावं ठेवतात. रेघ काढली असती,
पण निम्मा खडाच गेला असता."

ती उठून उन्हात गेली.
बरोबरच होतं. माझा दिवा खोटं बोलतो,
त्यासाठीच टांगलाय तो.
मागोमाग क्लॅरी. दोन वाकलेल्या माना
एका शेंगदाण्याएवढ्या दगडावर.

"ही रेघ कशी पडते रे?"

"वाढता वाढता जमिनीखाली काहीतरी बदलतं.
लोखंड कमीजास्त होतं.
खडा थांबत नाही. पुढचा वेगळ्या रंगात वाढतो."

यावर ती काही बोलली नाही.
तिच्या बोटावर पांढरा वळ होता,
बाकी हात भाजल्यासारखा तांबूस.
"काढायला मी सांगितलं नव्हतं," क्लॅरी हळूच म्हणाला.
"माहितीये."
तिनं शर्टाच्या खिशातून रुमालाची गाठ सोडली,
झिजून तारेएवढी झालेली अंगठी.
"वितळवू नकोस. फक्त माप घे."

माप घेतलं. चुकलंच.
एकतीस वर्षांत पेर सुजलंय,
दोन नंबर मोठी लागेल.

आता राहिला एकच प्रश्न,
रेघ बोटाला उभी की आडवी?
ती म्हणे उभी. तो म्हणे आडवी.
आवाज चढले, टोपी पुन्हा डोक्यावर गेली,
बाहेर डिझेल जळतच होतं.
मी भिंग पुसत बसलो.